बळी कोण आणि त्यागी कोण?

मराठी वाङ्मयात त्याग या मूल्याची जेवढी भलावण झाली तेवढी दुसऱ्या कोणत्या मूल्याची क्वचितच झाली असेल. संतकवितेपासून क्रमिक पुस्तकापर्यंत आणि क्रमिक पुस्तकापासून सत्काराच्या भाषणापर्यंत, जो स्वतःसाठी काही राखून ठेवत नाही तो थोर, हे गृहीत धरूनच आपली समीक्षा पुढे चालते. दलित साहित्याने देव तपासला, धर्म तपासला, रस आणि सौंदर्य तपासले. त्याग मात्र या तपासणीतून बराचसा सुटला. याचे कारण उघड आहे. त्याग करणाऱ्याविषयी प्रश्न विचारणे कृतघ्नपणाचे वाटते. आणि कृतघ्न हे विशेषण आपल्याला चिकटवायला प्रस्थापित समाज नेहमीच एका पायावर तयार असतो. तो धोका पत्करूनच हा विषय मांडला पाहिजे.

ख्रिस्ती धर्माने हे मूल्य त्याच्या टोकाच्या रूपात मांडले. प्रेम करणाऱ्याने स्वतःकडे काही न ठेवता, परतफेडीची अपेक्षा न धरता, शत्रूसाठीसुद्धा प्राण वेचावा. क्रूस ही त्या प्रेमाची खूण. ग्रीक शुभवर्तमानात त्याला अगापे असा शब्द आहे. जुन्या मराठी बायबलने त्यासाठी 'प्रीती' हा शब्द योजला. विसाव्या शतकात स्वीडनचे धर्मशास्त्रज्ञ अँडर्स नीग्रेन यांनी या प्रेमाची जी मीमांसा केली तिचा इत्यर्थ असा की हे प्रेम समोरच्याची लायकी पाहत नाही. ज्याला किंमत नाही त्याला ते किंमत देते. पापाच्या जाणिवेने खचलेल्या युरोपीय माणसाला यातून दिलासा मिळत असेल. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या 'तुला किंमत नाही' एवढेच ऐकवले गेले, त्याने हे कसे ऐकावे? आधी किंमत नाकारायची, मग प्रेमाने ती बहाल करायची, आणि बहाल करणाऱ्याचे उपकार मानायला लावायचे. किंमत मुळात होतीच, ती कोणीतरी हिरावून घेतली, ही गोष्ट या व्यवहारात कुठे येतच नाही.

आपल्या भाषेत 'बळी' हा शब्द विलक्षण आहे. देवापुढे कापले जाते ते जनावर बळी. साथीत, पुरात, गोळीबारात मरतो तो माणूस बळी. आणि इडापिडा टळून ज्याचे राज्य यावे म्हणून दिवाळीत आयाबाया ओवाळतात तो राजाही बळीच. 'त्यागी' म्हटले की कर्ता डोळ्यांपुढे उभा राहतो. 'बळी' म्हटले की कर्ता दुसराच कोणी असतो आणि बहुधा तो वाक्यातून गळून पडलेला असतो. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वाड्यांच्या आणि इमारतींच्या पायात मांग-महारांना तेलशेंदूर पाजून जिवंत पुरले जाई, हे तिने त्यात लिहिले. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती मिशनचे पत्र. मित्रांसाठी प्राण देण्याहून थोर प्रेम नाही असे शिकवणाऱ्या धर्माच्या पत्रात, ज्यांचे प्राण न विचारता घेतले गेले त्यांची ही नोंद छापली गेली. या दोन गोष्टी एकाच पानावर शेजारी आल्या. पण मराठी समीक्षेने त्या आजवर शेजारी ठेवून वाचल्या नाहीत.

ख्रिस्ती प्रेमाचा आदर्श मराठी कवितेत ज्यांनी रुजवला ते नारायण वामन टिळक. १८९३ साली नोकरीसाठी राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियनाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. राजनांदगाव म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या उगवतीचा मुलूख. धानोऱ्याच्या पलीकडची माणसे आजही त्या बाजाराला ओळखतात. डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचा ठाव घेतला आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. टिळकांनी पुष्कळ सोडले यात शंका नाही. जात सोडली, घर तुटले, नातलगांत ते मेल्यासारखे झाले. परंतु सोडण्यासाठी आधी जवळ असावे लागते. त्याच काळात नगर जिल्ह्यात मिशनकडे गेलेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग होते. त्यांनी धर्म बदलला तेव्हा काय सोडले? गावकुसाबाहेरचे घर त्यांना सोडता आले नाही. म्हणून त्यांचे धर्मांतर 'त्याग' ठरले नाही. ते 'पोटासाठी' झाले असे म्हटले गेले. एकच कृती, पण ब्राह्मणाने केली तेव्हा तिचे चरित्र झाले आणि महाराने केली तेव्हा तिचा मिशनच्या अहवालात आकडा झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे नायक कोण आणि आकडे कोण, हे कोणी तरी एकदा बसून मोजले पाहिजे.

तरीही या परंपरेत एक पुस्तक असे आहे की ते या आदर्शाला आतून पोखरते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ची स्तुती आपल्याकडे साधेपणासाठी आणि विनोदासाठी होते. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. मला त्यात दुसरेच काही दिसते. निःस्वार्थ माणसाच्या घरात राहणे म्हणजे काय, याचा मराठीतील हा पहिला सविस्तर जबाब आहे. टिळक देतात, घरातले देतात, हातातले देतात, न विचारता देतात. संध्याकाळी चूल पेटवायची असते ती लक्ष्मीबाईंना. धर्मांतराचा निर्णय एकट्याचा होता. त्यानंतरची वर्षे लहान मुलाला घेऊन ताटातुटीत काढली ती तिने. ती तक्रार करत नाही, टिळकांवर तिचे प्रेम आहे. पण ती पाहते, आणि पाहिलेले सांगते. त्यागाला प्रेक्षक नको असतो, भक्त हवा असतो. लक्ष्मीबाई भक्त होत नाहीत, म्हणून ते पुस्तक टिकले. पुढे त्या स्वतः सोवळे सोडतात, कोणाच्याही हातचे खातात. तो प्रसंग त्या त्याग म्हणून सांगत नाहीत. आपला एक भ्रम गेला, एवढ्या सहजतेने सांगतात. टिळकांच्या साऱ्या भक्तिगीतांपेक्षा मला हा भाग अधिक ख्रिस्ती वाटतो. कोणाला हे चमत्कारिक वाटले तर वाटो.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. चांद्याला मिशन इंग्रजी अमदानीतच आले, स्कॉटलंडच्या चर्चचे. १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार चर्चचे काम सुरू झाले आणि १९७७ मध्ये चांदा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे केंद्र बल्लारपूर. रानातल्या दवाखान्यातून मलयाळी सिस्टर हिवतापाच्या गोळ्या देताना पाहिलेली माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतील. पण त्यागमय प्रेमाचा आदर्श या भागाच्या वाङ्मयात आला तो चर्चच्या दारातून नव्हे. तो वरोड्याच्या आनंदवनातून आला. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते. परंतु त्यांची कथा मराठी वाचकाने ज्या साच्यात ऐकली तो साचा ख्रिस्ती आहे. १९९० मध्ये धर्मक्षेत्रातील कार्यासाठी दिले जाणारे टेंपल्टन पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा पश्चिमेलाही ही कथा ओळखीचीच वाटली असणार.

कथा सर्वांना पाठ आहे. जमीनदार ब्राह्मण घराण्यातला वकील. वरोडा नगरपालिकेचा उपाध्यक्ष असताना त्याने मैल्याची पाटी डोक्यावर घेतली. अशाच एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या कडेला बोटे झडलेला, किडे पडलेला तुळशीराम दिसला. तो घाबरून पळाला, मग स्वतःची लाज वाटून परत आला. असिसीच्या फ्रान्सिसच्या चरित्रात हेच घडते: आधी कुष्ठरोग्याची किळस, मग परत फिरणे, मग आलिंगन. मोलोकाई बेटावरच्या फादर डेमियनने तर १८८९ मध्ये त्याच रोगाने प्राण सोडला. साचा एकच आहे आणि त्यात एक पात्र कायम मुके आहे. तुळशीरामचे नाव आपल्याला ठाऊक आहे, एवढाच काय तो फरक. तो कोठला, कोणाचा, त्याला कोणी घराबाहेर काढले, आणि भीतीने पळालेला हा माणूस परत आला तेव्हा तो काय म्हणाला? कथेत तो काहीच म्हणत नाही. दुसऱ्याच्या अंतःकरणात उजेड पडावा म्हणून तो तेथे आडवा पडला आहे. त्या मैल्याच्या पाटीचेही तसेच. आमट्यांनी ती काही महिने वाहिली आणि तिला चरित्रात पान मिळाले. वरोड्यात ती जन्मभर वाहणाऱ्या माणसांची नावे कोणत्या पानावर आहेत?

हे म्हणत असताना आमट्यांवर अन्याय होऊ नये. त्यांनी स्वतः एक गोष्ट वारंवार सांगितली आणि त्यांच्या भक्तांनी ती वारंवार ऐकून सोडून दिली. हे काम आपण कोणाला मदत करावी म्हणून आरंभले नाही, स्वतःच्या मनातली भीती घालवण्यासाठी आरंभले, असे ते म्हणत. निःस्वार्थाचा असा साफ इन्कार दुसऱ्या कोण्या समाजसेवकाने केल्याचे माझ्या वाचनात नाही. आणि पुढचे कामही त्याला धरूनच झाले. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते सुरू झालेल्या आनंदवनात त्यांनी दया नाकारून श्रम उभा केला. दगडाळ माळावर कुष्ठरोग्यांनी विहिरी खोदल्या, धान्य पिकवले, इमारती बांधल्या. त्यांच्या हातांनी उभे राहिलेल्या महाविद्यालयात गावातली धडधाकट मुले शिकू लागली. ज्यांच्या सावलीला गाव भीत होते त्यांच्याकडून गावाने घेतले. येथे देणारा कोण आणि घेणारा कोण हे उलटे झाले आहे, आणि मला आनंदवनात मोठे वाटते ते हेच.

मग वाङ्मयात ते का उतरले नाही? 'ज्वाला आणि फुले' पुन्हा वाचावे. त्यातला आवेश खरा आहे. आग, माती, आव्हान, तारुण्य यांची भाषा धगधगीत आहे. परंतु ती भाषा सतत उंचावरून हाक घालते. हाक घालणारा एकच, ऐकणारे पुष्कळ. ज्यांनी विहिरी खोदल्या त्यांच्या तोंडची वऱ्हाडी, झाडी, तेलुगू त्यात ऐकू येत नाही. साधनाताई आमट्यांच्या आत्मकथनाचे नाव 'समिधा' आहे. समिधा म्हणजे यज्ञात जळणारे लाकूड. एका कर्तबगार बाईने आपल्या आयुष्याला लाकडाचे नाव द्यावे आणि मराठी समीक्षेने त्या नावातल्या नम्रतेवर खूश व्हावे! यज्ञ कोणाचा, मंत्र कोणाचे आणि लाकूड कोण, एवढे तरी विचारायचे होते. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या पुस्तकाला असे नाव दिले नाही हे पुन्हा लक्षात येते. हेमलकशाचेही तेच झाले. १९७३ पासून भामरागडच्या रानात प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी माडिया भाषा आधी शिकून घेतली, मग दवाखाना चालवला. समोरचा उघडा म्हणून डॉक्टरने आपले कपडेही कमी केले. भाषा शिकणे ही बरोबरीची गोष्ट आहे. पण २०१४ च्या चित्रपटाचे नावच मुळी खऱ्या नायकाबद्दल आहे, आणि माडिया माणसे त्याच्या मागे झाडांसारखी उभी आहेत.

या सगळ्याच्या मुळाशी 'सेवा' हा शब्द आहे. आपण तो फार सैल वापरतो. मनूच्या व्यवस्थेत तीन वर्णांची सेवा हाच शूद्राचा धर्म. मेलेले ढोर ओढणे, सांगावा नेणे, सरण रचणे, रात्रीची गस्त, ही सारी सेवाच होती, आणि तिला बलुते मिळे, तेही धुऱ्याच्या पलीकडून. वरच्या जातीचा माणूस हेच काम चार दिवस करतो तेव्हा ती 'सेवा' त्याग होते. आपण चार हजार दिवस केले तेव्हा ते कर्तव्य होते. न केले तर मार होता. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतो. राजाने दास होण्यात काही अर्थ आहे. जो दासच आहे त्याने काय रिक्त करायचे? अरविंद निर्मळ या महाराष्ट्रातल्या दलित ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये बंगलोरला 'शूद्र धर्मशास्त्रा'ची मागणी केली आणि पुढे दलित धर्मशास्त्राचा पाया घातला. त्यांनी हा प्रश्न उलटा केला: देवच सेवक असेल तर तो धोब्याभंग्यांच्या जातीचा आहे, आपल्यापैकीच आहे. हे उत्तर धीट आहे. एका फटक्यात सोवळा देव खाली आला. तरी माझी शंका राहतेच. देव आपल्या जातीत आल्याने झाडू पवित्र होतो. हातातून सुटत नाही.

माझी माय धान रोवायला जायची. चिखलात दिवसभर वाकून आल्यावर सर्वांना वाढून शेवटी जेवायची आणि पुष्कळदा पाणी पिऊन झोपायची. घरातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझा सत्कार झाला तेव्हा वक्त्याने तिच्या त्यागाचे वर्णन केले, लोकांनी टाळ्या दिल्या. ती म्हणाली, "कायचा त्याग बापा, भातच नव्हता." दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतून नेमके हेच वाक्य वेगवेगळ्या बोलींत ऐकू येते. बेबी कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मधली उपाशी बाळंतीण कोणासाठी त्याग करत नाही. तिला अन्न मिळालेले नाही. समीक्षक जेव्हा तिथे 'मातृत्वाची त्यागमूर्ती' पाहतो तेव्हा तो भुकेवर पडदा टाकत असतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्ररात्र नाटके चालतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात. त्यात जळणारी सून, झिजणारी बहीण, भावासाठी आयुष्य वाहणारा भाऊ यांना हमखास टाळी आणि हमखास रडू. रडणाऱ्या बायांत निम्म्या तरी अशा असतात की ज्यांना कोणी कधी काही विचारलेले नाही. त्या स्वतःसाठी रडतात असे मला वाटते. नाटककार समजतो, आपल्या नायिकेसाठी रडल्या.

या आदर्शाशी महात्मा फुल्यांनी जे केले ते मराठी विचारातील एक मोठे धाडस आहे. १८७३ च्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीच्या पंक्तीला बसवले. बळीची गोष्ट आपण दानशूरतेची म्हणून शिकतो: वामनाने तीन पावले मागितली, त्याने दिली. फुले ती कपटाची आणि राज्य लुटल्याची म्हणून सांगतात. येशूलाही त्यांनी त्याच नजरेने पाहिले. दीनदुबळ्यांना गुलामीतून सोडवायला निघालेला हा दुसरा बळी. म्हणून त्याला मारले. टिळकांच्या क्रुसावर प्रेम करणारा दिसतो, फुल्यांच्या क्रुसाजवळ मारणारे दिसतात. अमेरिकेत जेम्स कोन या काळ्या धर्मशास्त्रज्ञाने २०११ मध्ये एक पुस्तक लिहून क्रूस आणि काळ्या माणसाला फाशी देणारे झाड यांना एकत्र पाहायला सांगितले, तेव्हा ते नवे मानले गेले. आपल्याकडे पुण्याच्या एका माळ्याने ते सुमारे एकशे चाळीस वर्षे आधी पाहिले होते.

बाबासाहेबांचा मार्ग आणखी वेगळा. १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात माणसाच्या उत्कर्षाला त्यांनी तीन गोष्टी आवश्यक मानल्या: सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य. सहानुभूती त्यांनी नाकारलेली नाही, हे ध्यानात घ्या. पण ती एकटी सोडलेली नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्यावरचे आकर्षण सांगितले आणि लगेच मिशनऱ्यांचा दोषही सांगितला: अस्पृश्याला बाप्तिस्मा दिला की यांना कर्तव्य संपल्यासारखे वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते पाहत नाहीत. हरिजन सेवक संघाविषयी १९४५ च्या पुस्तकात तर त्यांनी दयेने मारण्याची योजना असाच शब्दप्रयोग केला. हक्काशिवायचे प्रेम घेणाऱ्याला पांगळे करते, हे त्यांना दिसत होते. आणि तरी ते नुसत्या हक्कांवर थांबले नाहीत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि महाराष्ट्रात वादळ उठवणाऱ्या 'रिडल्स'मध्ये त्यांनी म्हटले आहे की फ्रेंच राज्यक्रांतीने ज्याला बंधुता म्हटले त्याला बुद्धाचा 'मैत्री' हा शब्द अधिक योग्य आहे, आणि मैत्रीवाचून स्वातंत्र्य व समता एकमेकांना गिळतील.

मैत्री. हा शब्द हाती घेऊन पुन्हा शुभवर्तमानाकडे गेले की एक गंमत दिसते. योहानाच्या ग्रंथात शेवटच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुतो. पेत्र आधी नाही म्हणतो. त्या साऱ्या प्रसंगातला हा नकार मला सर्वांत मानवी वाटतो, कारण येथे प्रेमाला विचारणारा कोणी तरी भेटला. आणि त्याच रात्री येशू सांगतो की यापुढे तुम्हाला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. प्राण देण्याचे ते प्रसिद्ध वचनही मित्रांसाठीच आहे. मराठी परंपरेने पाय धुणे उचलले, प्राण देणे उचलले. मित्र मात्र तिथेच राहिला. मित्र नाही म्हणू शकतो, हिशेब विचारू शकतो, उद्या आपल्याविरुद्ध उभाही राहू शकतो. उपकृत माणसाला यातले काहीच करता येत नाही. तेव्हा एखादी साहित्यकृती त्यागाची कथा सांगू लागली की मी एवढेच शोधतो: ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याला या कथेत 'नको' म्हणायची जागा आहे काय? 'स्मृतिचित्रां'त ती आहे. तुळशीरामच्या गोष्टीत नाही. आणि हा न्याय आपण आपल्यालाही लावला पाहिजे. जातकातल्या वेस्संतराने दानाच्या भरात बायकोमुले देऊन टाकली. त्या मुलांना कोणी विचारले?

रमाईच्या जयंतीला आपल्या वस्त्यांतून जी भाषणे होतात ती ऐका. गोवऱ्या, उपास, फाटके लुगडे, आणि शेवटी 'त्यागमूर्ती'. कार्यकर्त्याच्या बायकोला हेच उदाहरण दिले जाते. तिचा नवरा चळवळीत फिरतो आणि तिने रमाई व्हावे अशी अपेक्षा असते. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला, ती अर्पणपत्रिका या वक्त्यांनी वाचावी. मित्र नसलेल्या, विवंचनेच्या दिवसांत ही बाई आपल्या सोबत दुःख सोसायला तयार होती, असा तिचा आशय आहे. 'माझ्यासाठी' नव्हे, 'माझ्यासोबत'. एका शब्दाने ती समिधा होण्यापासून वाचते.

शहीद या शब्दाचेही असेच. १९७८ मध्ये टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जमावाने ठार केले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतले. आपण दोघांनाही एकाच श्वासात 'बलिदान' म्हणतो. वाघमाऱ्यांनी प्राण दिला. तो देण्याची वेळ त्यांच्यावर कोणी आणली हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पोचिरामांनी प्राण दिला नाही. त्यांना जगायचे होते, जयभीम म्हणत जगायचे होते. त्यांचा प्राण घेतला गेला. त्याला बलिदान म्हणताना मारणारे आपल्याच वाक्यातून निसटून जातात. कविसंमेलनात टाळी घेणाऱ्या आपल्या कवींनी एवढे व्याकरण सांभाळले तरी पुष्कळ होईल.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. आनंदवन तेथून पन्नासेक किलोमीटर. त्याचा आरंभ होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. एकाच जिल्ह्यात पाच वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टींचा एकत्र विचार एकाही वाङ्मयीन लेखात मला आढळला नाही. एका ठिकाणी एक माणूस इतरांकडे खाली उतरत होता. दुसऱ्या ठिकाणी लक्षावधी माणसे स्वतः उभी राहून प्रतिज्ञा उच्चारत होती, आणि त्यांतल्या पहिल्या प्रतिज्ञा नकाराच्या होत्या. प्राणिमात्रांवरची दया त्यांत आहे. ती नंतर येते.

आमटे स्वतः १९८४ च्या सुमारास इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आदिवासींबरोबर रस्त्यावर उतरले. तिथे ते कोणाची जखम धूत नव्हते, सोबत चालत होते. भक्तांच्या पुस्तकांत या भागाला पाने कमी मिळतात. त्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनात चाललेल्यांपैकी एक धानोरा तालुक्यातले मेंढा हे गोंडांचे छोटे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने मिळवला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या हातून ग्रामसभेच्या हाती आले. मिलिंद बोकीलांनी या गावावर 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक लिहिले आहे. पुस्तक बाहेरच्या माणसाचे आहे, गोंडीत नाही, मराठीत आहे. या तक्रारी मला आहेत. पण त्यात एकटा नायक नाही. देवाजी तोफा आहेत, वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आहेत, अभ्यासगट आहेत, आणि सभा आहे. सभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाने जरी नाही म्हटले तरी विषय पुढच्या सभेवर जातो.